सीडीवरचं नाव

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये भार्गवी लेक्चरच्या सीडी बनवायची. तिथल्याच मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या कावेरीबाईंनी एके दुपारी तिच्यापुढं एक जुनी कॅसेट ठेवली. नवऱ्यानं हौसेनं टेप केलेलं तान्ह्या लेकीचं रडणं त्यात होतं. ते टेप केलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात भूकंप झाला होता आणि घराच्या कोसळलेल्या माळवदाखालून एकट्या कावेरीबाई जिवंत निघाल्या होत्या. भार्गवीनं आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवला, सीडीवर उतरवायची फाईल, म्हणजे इमेज, बनवण्यासाठी काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली आणि लेबलपाशी, सीडीचं नाव लिहायच्या जागी, थांबली. “मावशी, सीडीला पोरीचं नाव देते. काय होतं?” “नाव कुठं ठिवलं होतं माय? बारसं व्हायचं होतं.” “मग राहू द्या. नाव नाही दिलं तर सीडी घातल्यावर कॉम्प्युटरवर नुसतं सीडीरॉम असं दिसतं, एवढंच.” तिचं बोट एंटरकडं गेलं तसा कावेरीबाईंनी तिचा हात धरला. “थांब. ह्यांच्या मनात राजकन्या होतं. मी म्हणलं, आपल्या घरात कुठली आली राजकन्या? लई हसलो होतो आम्ही.” भार्गवीनं इंग्रजी अक्षरांत तेच नाव टाइप केलं. तयार झालेली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तशी ती अक्षरं पडद्यावर उमटली. “काय आलंय? वाच की,” कावेरीबाई म्हणाल्या. “राजकन्या.” भार्गवीनं फाईल उघडली, आणि स्पीकरमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. कावेरीबाई स्पीकरजवळ वाकल्या. “ए राजकन्या,” त्यांनी लेकीला पहिल्यांदाच नावानं हाक मारली, “उगी माय, उगी. मी हाय इथंच.” आवाज संपेपर्यंत पोर रडतच होती.