थाप

"आंबोली घाटात वाघानं आमच्या बुलेटशी शर्यत लावली," मी सांगत होतो. "दाणोलीला मी चहाला थांबलो, तर तोही थांबला. बिनसाखरेचा घेतो म्हणाला."

"काय सांगता काका!" बुलेट विकत घ्यायला आलेला तरुण म्हणाला. "मग अशी गाडी विकता कशाला?"

"गुडघे ऐकत नाहीत रे आता."

आमची ही असती, तर वाघ चहाला बसण्याआधीच माझ्या खांद्यावर थाप पडली असती. गाडीच्या धडधडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून ती मागून थाप द्यायची. एक थाप म्हणजे जरा हळू, दोन म्हणजे चहा. पार लेहपर्यंत आम्ही असेच हिंडलो. पुढे घरातही तीच रीत पडली. मी पाहुण्यांसमोर सुटलो, की ही खुर्चीमागे येऊन हळूच एक थाप द्यायची. थापा मी मारायचो, थाप ती द्यायची. मागच्या वर्षी ती गेली आणि वाघाला आवरायला कोणी उरलं नाही.

तरुण गाडीभोवती फिरत माझ्या मागे गेला. मागच्या सीटवरून हात फिरवत त्यानं विचारलं, "काका, इथे कोण बसायचं?"

आता सगळ्यात मोठी थाप मारली, तर तिला राहवणार नाही, असं मला उगाच वाटलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "जन्मभर एकटाच हिंडलो."

खांद्यावर थाप पडली. मी गर्रकन वळलो.

"काका," तरुण म्हणाला, "किल्ली देताय ना?"