गायीचे मागचे पाय

हडर्सफील्डला नाताळच्या नाटकात डेनिस आणि मी, दोघांची मिळून एक कापडी गाय होती. नाणं उडवलं आणि तो जिंकला. तोंड नि पुढचे पाय त्याचे, शेपूट नि मागचे पाय माझे. त्याच हंगामात टीव्हीवाल्यांनी त्याला उचललं. पुढची बेचाळीस वर्षं तो दर शनिवारी चमकता कोट घालून लोकांना बक्षिसात फ्रिज नि मोटारी वाटत राहिला, आणि मी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरत राहिलो.

काल त्याचा निरोपाचा कार्यक्रम होता. बायको चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसली होती.

"दात खोटे आहेत त्याचे," मी म्हणालो.

"तुझे कुठे खरे आहेत, क्लिफ? किती जळशील रे? एव्हाना कोळसा व्हायला हवा होता तुझा. त्याच्यात काहीतरी दिसलं, म्हणूनच नेलं ना त्याला?"

खोटं का बोला, तिचं म्हणणं पटलं. माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "बरं, आवाज वाढव."

मुलाखत घेणारीनं विचारलं, "पहिली संधी कशी मिळाली?"

डेनिस खळखळून हसला. "नाटकात गाय झालो होतो. खेळ संपल्यावर एक साहेब आत आले आणि म्हणाले, 'मागच्या पायांनी काय हसवलं हो! कोण होतं ते?'



"खोलीत मी एकटाच होतो. केला हात वर!"