मथुराकाकीची जबानी

“मथुराबाईंनी तुम्हांला बागेतून ‘जा’ असं कधी म्हटलं होतं का?” फणसे वकिलांनी विचारलं.

“वकीलसायब, ‘मर’ म्हनलीय. ‘जा’ कदी नाय.”

फणसे खूश झाले. त्यात खूश होण्यासारखं काय आहे, ते बकुळाला कळेना.

तिचं घर किनाऱ्याला, सडक वर, आणि मधे आप्पांची नारळी-पोफळीची बाग. जुनी वाट समुद्रानं खाल्ली तेव्हापासून आधी तिची आय भागूबाई आणि मग ती स्वतः मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बागेतूनच वर जात. मुंबईची नोकरी संपवून आप्पा गावी आले आणि त्यांनी चिऱ्यांचा गडगा घालून वाट बंद केली. आता डोंगराला वळसा घालून रत्नागिरीचा बाजार गाठेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवायला बसलेलं असे. त्या पाटीवरच घर चालायचं. तिनं वाटेसाठी कोर्टात दावा लावला होता; तो हरली तर ते घर सोडण्यावाचून इलाज नव्हता.

“वहिवाट म्हणजे नुसतं चालणं नव्हे,” फणसे म्हणाले. “वीस वर्षं चाललं पाहिजे, उघडपणे, खंड न पाडता आणि कुणाची परवानगी न घेता. परवानगीनं शंभर वर्षं चाललात तरी ती मेहेरबानी. मालकाला वाटेल तेव्हा बंद.”

“म्हंजे इचारून गेली तर त्यांची वाट, नि न इचारता गेली तर माजी?”

“कायदा तसा आहे, बाई. मी केलेला नाही.”

आप्पांच्या कैफियतीत नेमकं तेच लिहिलं होतं. गरीब बाई म्हणून आमच्या घरच्यांनी दयेनं जाऊ दिलं. आप्पा स्वतः इतकी वर्षं मुंबईला. घरी होती ती त्यांची विधवा थोरली वहिनी, मथुराबाई. तेव्हा साक्षही तिचीच होणार होती.

हे ऐकून बकुळानं दाव्याची आशाच सोडली. मथुराकाकी तिच्या बाजूनं एक अक्षर बोलणार नव्हती.

काकीचा नवरा कोर्टात कारकून. संध्याकाळी पडवीत बसून बायकोला दिवसभरातल्या दाव्यांच्या गोष्टी सांगायचा. प्लेगात तो गेला आणि त्याचं सगळं बोलणं हिच्या जिभेवर येऊन बसलं, असं गाव म्हणे. तेव्हा गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं. काकीच्या दारात जळाऊ लाकडं आणून टाकली ती एकट्या भागूबाईनं. ते काकी साफ विसरली, असं भागूबाई मरेपर्यंत बोलून दाखवी.

बाग दिराची. काकीला दोन वेळचं अन्न आणि माजघराचा कोपरा. पण तोरा मालकिणीचा. बकुळा पहाटे बागेत शिरली की ही पायरीवर उभी.

“आलीस मेल्ये? कुणी सांगितलं इथून जायला? मी सांगितलं? बोल, मी सांगितलं?”

सगळ्या वाडीला ऐकू जाई. भागूबाईनं एकदा हात जोडून रीतसर विचारायला तोंड उघडलं, तर काकीनं कानांवर हात ठेवले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बकुळा मान खाली घालून चालत राही. सडकेकडे फाटक म्हणून असलेल्या बेड्याचे आडवे बांबू तेवढे रोज काढलेले असत. कोणी गडी काढत असेल, असं तिला वाटे.

साक्षीच्या दिवशी आप्पांनी काकीला बैलगाडीतून कोर्टात आणलं. काय बोलायचं ते वाटेत चारदा पढवलं होतं.

आप्पांच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, “बाई, वादी गरीब. तुम्हांला दया आली म्हणून तुम्ही तिला जाऊ देत होतात ना?”

“दया? मला?” काकी कडाडली. “एक दिवस ‘जा’ म्हटलं नाही. हिला नाही, हिच्या आईला नाही. रोज हाकलत आल्ये. सगळ्या वाडीला विचारा!”

“अहो वहिनी...” आप्पा उठले. मुन्सफांनी त्यांना खाली बसवलं.

“रोज म्हणजे किती वर्षं?” मुन्सफांनी विचारलं.

“आमचे गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून. पंचविसावं चालू आहे. गडगा घालीपर्यंत एक दिवस चुकली नाही मेली.”

“मग वाट बंद का केली नाही?”

“मी एकटी बाई. ना गडी, ना माणूस. तोंड होतं, ते चालवलं.”

कोर्टात हशा पिकला. फणसे उलटतपासाला अर्धवट उठले होते. काही न विचारता खाली बसले.

ओरडणं म्हणजे अडवणं नव्हे, असं मुन्सफांनी निकालात लिहिलं. वहिवाट शाबीत झाली. गडगा काढण्याचा हुकूम झाला. बाहेर आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. बाईच्या कजाग जिभेनं दिरालाच बुडवलं, ही गंमत वकील मंडळींना चहाला पुरली. बकुळालाही तसंच वाटलं. दुसऱ्याच्या रागानं का होईना, घर वाचलं. तिला सडकेवरच रडू फुटलं.

गडगा निघाला त्याच्या दुसऱ्या पहाटे ती पाटी घेऊन बागेत शिरली. बेड्याचे बांबू काढलेले होते. मथुराकाकी पायरीवर बसून वाती वळत होती. बकुळानं सवयीनं मान खाली घातली, पायरीपुढून गेली, तरी आवाज आला नाही. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. ती मागे वळली.

“काकी, आज वरडनार नाय?”

“आता कशाला, गो?” मथुराकाकी वात वळता वळता म्हणाली. “हुकूमनामा झाला ना.”