आमी खाली यायचो नाय

प्रेमलाबाय पाड्याचा चढ चढताना दिसल्या, तशी तानीने कळ्यांची टोपली खाली ठेवली.

"बाय आपल्याला न्यायला आली," तिचा नवरा सुका पुटपुटला. "तोंडावर नाय कसं म्हणायचं? तिचं मीठ खाल्लंय."

"तू गप राहा. मी बोलेन."

दरवर्षी दिवाळी सरली की दोघं पोरीला घेऊन खाली किनाऱ्यावर केळव्याला उतरायची. प्रेमलाबायच्या वाडीत पानवेली बांधायच्या, माडांना पाणी लावायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. त्या ये-जा करण्यात तेजलची शाळा सुटली. तेव्हाच तानीने मनाशी गाठ बांधली. उतारावर मोगरा लावला. पुढच्या दिवाळीला सुका एकटाच खाली गेला. तानी मागं राहून डोक्यावरून पाणी वाहत राहिली. लोक हसले, ती हटली नाही. यंदा कळ्या दादरच्या बाजारात जात होत्या. तेजल शाळेत होती. घराला कुलूप लागलं नव्हतं.

प्रेमलाबाय ओट्यावर टेकल्या. एसटीतून उतरून चालत आल्या होत्या. तानीने पाणी दिलं.

"चिरागशेठ बरा हाय?" सुकाने त्यांच्या मुलाबद्दल विचारलं.

"बरा हाय. मुंबईला राहायला चल म्हणतो. मी नाय म्हटलं. जन्म मातीत गेला. सुनेच्या घरात बसून खायला मला जमायचं नाय."

त्यांनी मोगऱ्यावर नजर फिरवली. "चांगलं केलंस, तानी. खुडायला माणसं पुरतात?"

आधी कौतुक, मग गळ. तानी सावध झाली.

"कुठली पुरतात! पाड्यातली तरणी माणसं बोईसरला कंपनीत जातात. आमालाच हात कमी पडतात."

प्रेमलाबाय काही बोलणार, तोच तानीने एका दमात सांगून टाकलं, "बाय, राग मानू नका. तुमी वाईट वागवलं नाय. पण आमी खाली यायचो नाय. यंदा नाय, पुढंही नाय. दुप्पट मजुरी दिलीत तरी नाय."

सुकाने मान खाली घातली. तानीने नजर वळवली नाही.

"येशील कुठं?" प्रेमलाबाय हळूच म्हणाल्या. "चिरागने वाडी विकली. माड तोडले, हॉटेल बांधतायत."

त्यांनी पदर कमरेला खोचला.

"मी तुला न्यायला नाय आले, तानी. मला कामाला ठेव."