आईच्या हाताचं माप

शेणामातीची भिंत खरवडताना शीतलच्या हाती हिरव्या बांगडीचा तुकडा आला.

“तुझ्या आईची,” आत्या म्हणाली. “तुझ्या बापानं बदडलं तेव्हा फुटली असेल. टाक उकिरड्यावर.”

“कशी होती गं ती?”

“घोडी होती घोडी! तान्ही पोर टाकून पळाली सटवी.”

आईचे सगळे फोटो बापानं जाळलेले. शीतलला तिचा चेहराही माहीत नव्हता. पण वर्तुळाचा तुकडा हाती असला की अख्खं वर्तुळ काढता येतं, हे नववीच्या भूमितीत नुकतंच शिकवलं होतं. तिनं तुकड्याची आतली कड पुठ्ठ्यावर गिरवली. त्या कंसावर दोन जीवा काढल्या, दोन्हींचे लंबदुभाजक काढले. ते एकमेकांना छेदले तिथं कर्कटकाचं टोक रोवून पेन्सिल फिरवली. आईची बांगडी पुरी झाली.

ते वर्तुळ कापून काढून तिनं भोकात हात घातला. बोटं गेली. अंगठ्याच्या हाडाशी हात अडकला. चेपला, वळवला, तरी जाईना.

“आत्या, मला होत नाही ही. केवढी होती आई?”

आत्यानं पुठ्ठा हातात घेऊन पाहिला. “सातवीतून काढून आणली होती. वर्षात तू झालीस.”

आजवर शीतलला वाटायचं, आई भेटली तर तिच्या कुशीत शिरून खूप रडावं. आता वाटलं, त्या मार खाल्लेल्या पोरीला आपणच पोटाशी धरावं आणि म्हणावं, बरं केलंस गं, पळालीस.