प्रत्येक ट्रेमधलं एक

ट्रेवरचं फडकं उचलल्याबरोबर मावशींच्या लक्षात आलं. एक बिस्किट कमी होतं.

कोपऱ्यातली जागा रिकामी दिसू नये म्हणून बाकीची जरा जरा सरकवून ठेवली होती. पण मावशींचं उभं आयुष्य लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेलेलं. घडी कुणी मोडून पुन्हा घातली, तर त्यांना लांबूनच कळायचं. ही बिस्किटं तर त्यांनी स्वतःच्या हातानं ओळीत मांडली होती.

"मोडलं असेल एखादं," शेजारची शिंपीण म्हणाली.

"मोडलं असतं तर चुरा दिसला असता."

"एका बिस्किटाचं काय घेऊन बसलात, मावशी?"

"तुझी मोज आधी. मग मला शहाणपण शिकव."

शिंपिणीनं हसत हसत मोजली आणि हसायची थांबली. तिच्याही ट्रेत एक कमी निघालं. पलीकडच्या नर्सबाईंच्याही.

गल्लीत कुणाच्याच घरी भट्टी नव्हती. वर्षअखेरची सुट्टी जवळ आली की बायका घरी पीठ मळायच्या, बिस्किटं पाडून ट्रेत लावायच्या आणि ट्रे कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडे न्यायच्या. एरवी तो नुसता पाव भाजायचा. भाजून आलेली बिस्किटं खोक्यात भरून एकमेकींना भेट द्यायची रीत होती. विकतची आणून दिली, तर गल्ली वर्षभर नावं ठेवायची.

इतकी वर्षं ट्रे जसे जात तसे परत येत. यंदा मात्र पलीकडच्या वस्तीत नवी भट्टी निघाली. तिकडचे ट्रे येईनासे झाले, आणि लगेच हा प्रकार.

"धंदा बसला म्हणून हात मारायला लागलाय," मावशी म्हणाल्या.

बिस्किट गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. काळजी वेगळीच होती. त्यांचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. त्याला फार वर्षं झाली. येणं नाही, फोन नाही. पण सुट्टीच्या दिवशी पहाटे दाराच्या पायरीवर त्याचा डबा असायचाच. आत तऱ्हेतऱ्हेची बिस्किटं, एकासारखं दुसरं नाही. चिठ्ठी नसायची. लिहायचा त्याला लहानपणापासूनच कंटाळा. पार्सलवाला मेला हाक न मारता ठेवून जातो, एवढीच मावशींची तक्रार. तो डबा त्या कुणाला दाखवत नसत. रोज कोपरा कोपरा खात. मुलगा जिवंत आहे, आपल्याला विसरलेला नाही, हे त्यांना त्या डब्यावरून कळायचं.

आणि मागच्या सुट्टीत त्यांनी पहाटे दार उघडलं, तेव्हा भट्टीवाला बोळातून घाईघाईनं परत जाताना दिसला होता. नजरानजर झाली तशी त्यानं मान खाली घातली होती. तेव्हा त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र सगळं जुळत होतं. डबा उचलायलाच आला असणार, आपण दार उघडलं म्हणून वाचला. जो ट्रेतलं सोडत नाही, तो पायरीवरचं कशाला सोडेल?

दोघींना घेऊन मावशी भट्टीवर गेल्या.

"या मावशी. अजून एक ट्रे का?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"ट्रे नाही आणला. डोळे आणलेत."

"मग जरा लांब उभ्या राहा. धुरानं चुरचुरतील."

"ते मागचं कपाट उघडा."

त्याचा चेहरा उतरला. "त्यात माझं सामान आहे."

"मग दाखवायला काय जातंय?"

तो जागचा हलला नाही. शिंपिणीनंच पुढे होऊन दार ओढलं. मैद्याच्या पिशवीमागे एक पत्र्याचा डबा होता. आत स्वच्छ कागद घालून बिस्किटं हारीनं रचलेली. गल्लीतल्या प्रत्येक घरचं एकेक. मावशींचंही.

भट्टीवाल्यानं हात फडक्याला पुसले. "घेतली मी. विचारायला हवं होतं."

"कशाला घेतलीत?"

त्यानं मावशींकडे पाहिलं आणि नजर भट्टीकडे वळवली. "खायला."

"तुम्हाला तर साखर आहे," नर्सबाई म्हणाल्या. "परवाच माझ्याकडून सुई टोचून घेतलीत."

"होते कधी कधी इच्छा."

"इच्छा झाली तर मागायचं. आम्ही काय नाही म्हटलं असतं?" शिंपीण म्हणाली.

"चुकलं माझं. पण हा डबा तेवढा यंदा राहू द्या, मावशी. पुढच्या वर्षी बघीन काहीतरी."

"चोरी ती चोरी, वर मुदत मागतोय," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ज्याचं त्याला वाटून टाकलं. स्वतःचं बिस्किट पदरात बांधलं आणि रिकामा डबा त्याच्यापुढे आदळला.

"आणि सुट्टीच्या पहाटे आमच्या बोळात पाऊल टाकलंत, तर गल्ली गोळा करीन. माझ्या मुलाचा डबा येतो त्या दिवशी."

भट्टीवाल्यानं रिकामा डबा उचलून परत कपाटात ठेवला. मग म्हणाला, "बरं. नाही टाकणार."

सुट्टीच्या दिवशी मावशी अंधारातच दारात खुर्ची टाकून बसल्या. बोळात कुणी फिरकलं नाही. भट्टीवाल्यानं शब्द पाळला होता. मावशींना बरं वाटलं.

उजाडलं. उन्हं पायरीवर आली. पायरी रिकामीच होती.

ऊन चढलं, तेव्हा बोळाच्या तोंडाशी पार्सलवाला दिसला. नवा शर्ट, बरोबर बायको, हातात भेटीचं खोकं. मावशी अनवाणीच धावल्या.

"अहो, माझा डबा कुठंय? मुलाचा? दरवर्षी पहाटे ठेवून जाता, मग यंदाच काय झालं?"

पार्सलवाल्यानं बायकोकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"मावशी, आज सुट्टी ना," तो म्हणाला. "आजच्या दिवशी आम्ही कधीच पार्सल वाटत नाही."