हुडहुडी

संस्कृतीचं बी.एड. होईपर्यंत मूल नको, हे तिनं आणि मितेशनं मिळून ठरवलं. चिपळूणच्या डॉक्टरबाईंनी पहिली गोळी दवाखान्यातच दिली. उरलेल्या घरी घ्यायला देऊन म्हणाल्या, "कळा येतील, रक्तस्राव होईल. पण फारच जायला लागलं किंवा ताप उतरेना, तर लगेच इकडे यायचं."

मितेश मुंबईहून रजा टाकून सावर्ड्याला आला. आईवडिलांना त्यानं हेदवीला दर्शनाला पाठवलं, स्वतः पेज शिजवली, शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून दिली. नवरा इतका मायेचा आहे, हे संस्कृतीला आजच कळत होतं.

उरलेल्या गोळ्या घेतल्यावर तिला एकाएकी हुडहुडी भरली. दात वाजायला लागले.

"अहो, डॉक्टरांना फोन लावा ना."

"अगो, घाबरतेस कशाला?" तिच्या अंगावर गोधडी घालत तो म्हणाला, "या गोळ्यांनी थंडी वाजतेच. मागच्या वेळी तर उलट्यापण झालेल्या. संध्याकाळपर्यंत सगळं थांबलं."

संस्कृतीला दिवस राहिले होते, ते आयुष्यात पहिल्यांदाच.